एकत्र प्रार्थना आणि मंडळ्यांचें ऐक्य

वाचनासाठीं शास्त्रभाग : योहान १७:२०–२६, प्रेषितांचीं कृत्यें १:१२–१४, रोमकरांस पत्र १४:१–६ व १५:५–७.

योहानकृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायापासून सतराव्या अध्यायापर्यंत एकाच रात्रीचें वर्णन आहे. त्या रात्रीं प्रभूनें शिष्यांना एक आज्ञा दिली आणि पित्यापाशीं एक मागणें केलें. आज्ञा प्रीतीची होती (१३:३४). मागणें ऐक्याचें होतें (१७:२१). हा भेद वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावा. जें शिष्यांनीं करावयाचें होतें तें प्रभूनें त्यांना आज्ञा म्हणून सांगितलें; जें पित्यानें द्यावयाचें होतें तें त्यानें डोळे वर करून पित्यापाशीं मागितलें.

ख्रिस्ती मंडळ्यांच्या ऐक्याविषयीं आपल्या देशांत शंभरांहून अधिक वर्षें सभा भरत आल्या आहेत, मसुदे लिहिले गेले आहेत, ठराव मंजूर झाले आहेत आणि नामंजूरही झाले आहेत. तें सर्व काम टाकाऊ होतें असें कोणी म्हणूं नये. परंतु जेथें लोक आधीं एकत्र प्रार्थनेला बसले तेथें मसुद्यांना फळ आलें, आणि जेथें नुसते मसुदेच आले तेथें बहुधा कपाटें भरलीं, असें माझें मत आहे. ह्या पाठांत त्या प्रार्थनेचा शास्त्रांतील आधार, तिचा थोडासा इतिहास आणि आपल्या गांवच्या मंडळ्यांनीं ती कशी करावी, हें पाहावयाचें आहे.

प्रभूनें आपल्या मागण्याचा हेतुही सांगून ठेवला आहे. सर्वांनीं एक व्हावें तें एकमेकांना बरें वाटावें एवढ्यासाठीं नव्हे, तर जगानें त्याजवर विश्वास ठेवावा म्हणून. ह्याचा अर्थ शहरांतील मोठ्या मंदिरापेक्षां खेड्यांत लवकर कळतो. ज्या गांवांत ख्रिस्ती घरें वीस आणि त्यांच्या प्रार्थनेच्या जागा तीन, तेथें शेजारचा हिंदु गृहस्थ, मनांत कांहीं वाईट न ठेवतां, विचारतो, "अहो पाळकसाहेब, तुमचा ख्रिस्त एकच ना? मग रविवारीं तुम्ही तीन ठिकाणीं कां बसतां?" सेमिनरींत ईश्वरविद्येच्या तोंडी परीक्षेंत मला पुष्कळ प्रश्न विचारले गेले, इतका कठीण एकही नव्हता. ह्या गृहस्थाला मिशनांचा इतिहास सांगून भागत नाहीं. तो इतिहास त्याचा नव्हे; आणि खरें पाहतां आपलाही नव्हे.

आपला कां नव्हे, तें पाहा. पूर्वींच्या अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांत अमेरिकन मराठी मिशन १८३१ सालीं आलें. तें काँग्रिगेशनल पद्धतीचें. त्याच शतकाच्या उत्तरार्धांत त्याच जिल्ह्यांत इंग्लंडच्या एस. पी. जी. संस्थेचें अँग्लिकन मिशन आलें, आणि रोमन कॅथॉलिक जेझुइट धर्मगुरुही आले. मुंबई-पुण्याकडे स्कॉटिश मिशन, डहाणूकडे चर्च ऑफ द ब्रदरन, वऱ्हाड-खानदेशांत अलायन्स मिशन, आणखी ठिकठिकाणीं मेथॉडिस्ट व मुक्तिफौज, अशी वांटणी होत गेली. आपसांत तंटा होऊं नये म्हणून पुष्कळ प्रॉटेस्टंट मिशनांनीं समजुतीनें प्रदेश वांटून घेतले. त्या समजुतीनें पुष्कळ तंटे टळले हें खरें. पण तिचा परिणाम असा झाला कीं, एखादें कुटुंब बाळकांचा बाप्तिस्मा मानणारें झालें कीं प्रौढांचाच मानणारें झालें, हें त्या कुटुंबानें शास्त्र शोधून ठरविलें नाहीं. त्याचा तालुका कोणत्या मिशनाकडे होता ह्यावरून तें ठरलें. आपल्या आजोबा-पणजोबांनीं ख्रिस्त निवडला, आणि त्यासाठीं पुष्कळ सोसलें. पंथ त्यांनीं निवडला नाहीं.

ही गोष्ट भारतीय पाळकांनीं १९१९ सालीं उघडपणें सांगितली. त्या वर्षीं मे महिन्याच्या १ व २ तारखेला तामिळ देशांतील त्रांकेबार येथें (ज्या बंदरांत १७०६ सालीं पहिले प्रॉटेस्टंट मिशनरी उतरले त्याच गांवीं) अँग्लिकन मंडळीचे व दक्षिण भारत संयुक्त मंडळीचे पाळक एकत्र जमले. दोर्नाकलचे बिशप वेदनायकम् सॅम्युएल अझर्‍या, हे अँग्लिकन मंडळीचे पहिले भारतीय बिशप, त्यांत प्रमुख होते. जे भेद आम्हीं निर्माण केले नाहींत आणि जे आम्हांवर बाहेरून आले, त्यांमुळें आम्ही दुबळे झालों आहों, अशा आशयाचें पत्रक त्यांनीं काढलें. त्या पत्रकापासून २७ सप्टेंबर १९४७ रोजीं मद्रास येथें दक्षिण भारतीय मंडळीची स्थापना होईपर्यंत २८ वर्षें गेलीं.

आतां माडीवरच्या खोलीकडे वळूं. प्रभूच्या स्वर्गारोहणानंतर शिष्य एकचित्तानें प्रार्थनेंत राहिले असें लूक सांगतो, आणि तेथें कोण कोण होतें तेंही सांगतो. त्या नांवांवरून दृष्टि भरभर पुढें नेऊं नये. मत्तय तेथें होता. तो परक्या सत्तेच्या छायेखालीं जकात घेणारा. शिमोन जिलोत तेथें होता. त्याच्या उपनांवावरून तो त्या सत्तेच्या कट्टर द्वेष्ट्यांपैकीं असावा असें पुष्कळ पंडित समजतात. येशूचे भाऊ तेथें होते. ते तर कांहीं काळापूर्वीं त्याजवर विश्वासही ठेवीत नव्हते (योहान ७:५). पेत्र तेथें होता, आणि मुख्य याजकाच्या अंगणांत त्यानें काय केलें होतें हें लपून राहिलेलें नव्हतें. स्त्रिया होत्या, पुनरुत्थानाची वार्ता त्यांनीं आणली तेव्हां ह्याच पुरुषांनीं ती बडबड समजून टाकून दिली होती (लूक २४:११). ह्या लोकांनीं आधीं एकमेकांशीं सर्व हिशेब चुकते केले आणि मग ते प्रार्थनेला बसले, असें लूक कोठेंही म्हणत नाहीं. ते एकत्र बसले, आणि पेंटेकॉस्टच्या दिवसापर्यंत उठून गेले नाहींत, एवढेंच आपणांस ठाऊक आहे.

"एकचित्तानें" ह्यासाठीं मूळ ग्रीक शब्द "होमोथुमदोन" असा आहे. त्यांतील पहिल्या भागाचा अर्थ एकत्र, आणि दुसऱ्याचा अर्थ अंतःकरणाचा आवेश. हा शब्द नव्या करारांत अकरा वेळां येतो. दहा वेळां प्रेषितांच्या कृत्यांत व एकदां रोमकरांस पत्रांत. परंतु स्तेफनावर धांवून जाणाऱ्या जमावाविषयींही लूक हाच शब्द वापरतो (७:५७), आणि इफिसच्या नाटकगृहांत घुसणाऱ्या दंगेखोरांविषयींही तोच (१९:२९). तेव्हां नुसतें एकचित्त होणें ही पवित्र गोष्ट आहे असें कोणी समजूं नये. दगड उचलण्यासाठींही माणसें एकचित्त होतात. ग्रामपंचायतीच्या निवडणुकींत तर फारच लवकर होतात. आपल्या पंथाची माणसें दुसऱ्या पंथाविरुद्ध एकचित्त झालीं म्हणजे मंडळींत ऐक्य नांदतें असा भास होतो, पण त्या ऐक्याची जात स्तेफनाच्या मारेकऱ्यांच्या ऐक्याची आहे.

पौलाचें मागणें निराळें आहे. रोम येथील मंडळींत कोणी सर्व कांहीं खात, कोणी केवळ शाकभाजी खात. कोणी एक दिवस दुसऱ्याहून श्रेष्ठ मानी, कोणी सर्व दिवस सारखे मानी. चौदाव्या अध्यायांत पौल ह्या भेदांची नीट चर्चा करतो आणि दोन्ही पक्षांना आपापल्या मनाची खात्री ठेवावयास सांगतो. मग पंधराव्या अध्यायांत तो देवापाशीं मागतो कीं ह्या दोघांनीं एकचित्तानें व एका मुखानें देवाचें गौरव करावें. दोघांचें ताट एक करण्याचा त्यानें प्रयत्न केला नाहीं. प्रार्थनेसाठीं व स्तुतीसाठीं त्यांचें मुख एक व्हावें, एवढें मागितलें. आणि लगेच पुढच्या वचनांत एकमेकांचा स्वीकार करण्यास सांगितलें. करिंथ येथें तर पौलाचे, अपुल्लोसाचे व केफाचे असे तट पडलेच होते. शिवाय आम्ही केवळ ख्रिस्ताचे असें म्हणणारेही होते (१ करिंथ १:१२). आजही कित्येक नव्या मंडळ्या आपला पंथ कोणताच नाहीं असें अभिमानानें सांगतात. त्यांनीं करिंथच्या यादींतील हें चवथें नांव एकदां पाहून घ्यावें.

आतां थोडा इतिहास. सर्व पंथांच्या लोकांनीं वर्षारंभीं एक आठवडा एकाच वेळीं प्रार्थना करावी, ही हांक हिंदुस्थानांतून गेली हें वाचून पुष्कळांस संतोष वाटेल. पंजाबांतील लुधियाना येथें अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशन १८३४ सालीं सुरू झालें होतें. १८५८ च्या नोव्हेंबरांत त्या मिशनाची वार्षिक सभा भरली. आदल्या वर्षींच्या उठावांत त्याच मंडळीचे फत्तेगढ येथील चार मिशनरी, त्यांच्या पत्नी व दोन मुलें मारलीं गेलीं होतीं. अशा वेळीं सूडाची भाषा करणारे थोडे नव्हते. ह्या सभेनें जगांतील सर्व ख्रिस्ती लोकांना विनंती केली कीं, १८६० च्या जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यांत त्यांनीं सर्व मनुष्यांवर पवित्र आत्म्याचा वर्षाव व्हावा म्हणून प्रार्थना करावी. लंडन येथें १८४६ सालीं स्थापन झालेल्या इव्हँजेलिकल अलायन्सनें ती हांक उचलली, आणि वर्षारंभींचा प्रार्थना-सप्ताह अनेक देशांत रूढ झाला. त्यांचें मागणें ऐक्याचें नव्हतें, सुवार्तेच्या प्रसाराचें होतें. पण ती विनंती केवळ प्रेस्बिटेरियन लोकांना केलेली नव्हती; आणि एकच गोष्ट मागणारे लोक एकमेकांच्या जवळ आल्यावांचून राहत नाहींत.

खुद्द ऐक्यासाठीं म्हणून प्रार्थना-सप्ताह सुरू झाला तो १९०८ सालीं. न्यूयॉर्क राज्यांतील ग्रेमूर येथें पॉल वॉटसन नांवाचे एपिस्कोपल मंडळीचे एक धर्मगुरु होते. त्यांनीं १८ जानेवारी ते २५ जानेवारी हे आठ दिवस ठरविले. १८ तारखेला त्या काळीं पेत्राच्या पीठाचा सण असे. २५ तारखेला पौलाच्या मनःपरिवर्तनाचा असतो. म्हणजे हा सप्ताह पेत्रापासून पौलापर्यंतचा. पुढच्याच वर्षीं, १९०९ सालीं, वॉटसन व त्यांचा लहानसा आश्रम रोमन कॅथॉलिक मंडळींत गेला. त्यांच्या मतें ऐक्य म्हणजे इतर सर्वांनीं रोमच्या पोपाकडे परत येणें. आतां अशा प्रार्थनेला बॅप्टिस्ट किंवा मेथॉडिस्ट मनुष्यानें आमेन कसें म्हणावें? म्हणूनच पहिलीं पुष्कळ वर्षें ही अष्टाहिक प्रार्थना मुख्यतः एकाच बाजूची राहिली.

पण वॉटसन ह्यांना हंसण्यापूर्वीं आपण आपल्या प्रार्थना तपासाव्या. "हे प्रभो, त्या मंडळीच्या लोकांना खरा बाप्तिस्मा कळूं दे", "त्यांना आत्म्याचा अनुभव दे", "त्यांना मूर्तींपासून सोडीव" ह्या प्रार्थनांचा अर्थ तरी दुसरा काय आहे? त्यांनीं आमच्याकडे यावें, म्हणजे ऐक्य झालें. रोमचा रस्ता तेवढा बदलून आपल्या गल्लीचा केला.

ही गांठ सोडविली ती फ्रान्स देशांतील ल्यों शहरच्या एका रोमन कॅथॉलिक धर्मगुरूनें. पॉल कुतुरिये (१८८१–१९५३) हे तेथें शाळेंत शिकवीत. रशियांतून परागंदा होऊन आलेल्या ऑर्थोडॉक्स निर्वासितांची सेवा करतां करतां, दुसऱ्या पंथांतही ख्रिस्ताचे खरे भक्त असतात हें त्यांनीं जवळून पाहिलें. १९३५ च्या सुमारास त्यांनीं ह्या सप्ताहाचें मागणेंच बदललें. ख्रिस्ताला जसें ऐक्य हवें असेल तसें, आणि ज्या मार्गानें तो तें देऊं इच्छील त्या मार्गानें मिळो, असें सर्वांनीं मागावें, हें त्यांचें म्हणणें. हें मागणें कॅथॉलिक मनुष्य आपला विश्वास न सोडतां करूं शकतो, ऑर्थोडॉक्स करूं शकतो, आपणही करूं शकतों. दिसावयास तें सोपें आहे. परंतु तें प्रामाणिकपणें करणाऱ्याला, ख्रिस्ताला जें हवें आहे तें कदाचित् आपल्या पंथांत जसेंच्या तसें नसेल, एवढें कबूल करावें लागतें. तेथेंच पुष्कळांचे गुडघे अडतात.

ह्यापुढील हकीकत थोडक्यांत सांगतां येईल. "फेथ अँड ऑर्डर" ह्या चळवळीची पहिली जागतिक परिषद १९२७ सालीं लोझान येथें भरली; ती चळवळही ऐक्याच्या प्रार्थनेसाठीं साहित्य काढीत असे, आणि १९४८ सालीं जागतिक ख्रिस्ती मंडळ्यांची परिषद स्थापन झाल्यावर ती तिचा भाग झाली. रोमन कॅथॉलिक मंडळीच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें २१ नोव्हेंबर १९६४ रोजीं ऐक्याविषयींचा जो लेख मंजूर केला, त्यांत अंतःकरणाचें परिवर्तन, पवित्र आचरण व प्रार्थना हा ह्या सर्व चळवळीचा आत्मा होय असें सांगितलें आहे. १९६६ पासून दोन्ही बाजू मिळून सप्ताहाचें साहित्य तयार करूं लागल्या, आणि १९६८ सालीं तें प्रथम वापरलें गेलें. दरवर्षीं कोणत्या तरी एका देशांतील ख्रिस्ती लोक त्याचा पहिला मसुदा लिहितात.

२०१३ सालीं ही पाळी भारताची होती. स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट ऑफ इंडिया ह्या विद्यार्थी चळवळीनें, कॅथॉलिक विद्यार्थ्यांच्या अखिल भारतीय संघाच्या व नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेसच्या साह्यानें, मीखाच्या पुस्तकांतील ६:६–८ हा भाग घेऊन तें लिहिलें. देव मनुष्यापासून काय मागतो, असा तेथें प्रश्न आहे. आणि लिहिणाऱ्यांनीं त्या प्रश्नापुढें दलितांवरील अन्याय मुद्दाम ठेवला. मला वाटतें हें फार योग्य झालें. पुष्कळ गांवीं दोन मंडळ्यांमधला भेद वरून बाप्तिस्म्याचा किंवा उपासनेच्या पद्धतीचा दिसतो, आणि खालीं उकरून पाहिलें तर तो पूर्वींच्या जातींचा असतो. पंथाच्या आडोशाला जात फार दिवस सुखानें राहूं शकते. एकत्र प्रार्थना तिला त्रास देते, कारण प्रार्थनेला एकाच सतरंजीवर बसावें लागतें, आणि नंतर कोणाच्या तरी घरीं चहा घ्यावा लागतो.

स्त्रिया ह्या बाबतींत पाळकांच्या पुढें गेल्या आहेत, हें सांगितल्यावांचून इतिहास पुरा होणार नाहीं. जागतिक प्रार्थना दिनाचें मूळ एकोणिसाव्या शतकांतील अमेरिकन स्त्रियांच्या प्रार्थनासभांत आहे. १९२७ पासून तो सर्व देशांत पाळला जाऊं लागला, आणि आतां मार्च महिन्याच्या पहिल्या शुक्रवारीं असतो. दरवर्षीं एकेका देशांतील स्त्रिया उपासनाक्रम लिहितात. २०२५ चा क्रम पॅसिफिक महासागरांतील कुक बेटांच्या भगिनींनीं लिहिला होता. आपल्याकडेही जेथें हा दिवस पाळतात तेथें निरनिराळ्या मंडळ्यांच्या बाया कसलाही ठराव न करतां एकत्र येतात. आणि केडगांवच्या मुक्ति मिशनाचें उदाहरण महाराष्ट्राला नवें नाहीं. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें अँग्लिकन मंडळींत झाला. परंतु मुक्तीचें दार त्यांनीं सर्व पंथांच्या सेवकांना उघडें ठेविलें. १९०५ च्या आरंभीं त्यांनीं तेथें संजीवनासाठीं दररोजच्या विशेष प्रार्थना सुरू केल्या, आणि त्याच वर्षींच्या जून महिन्यांत तेथील प्रसिद्ध संजीवनाला आरंभ झाला.

आतां नागपूरची गोष्ट जरा सविस्तर सांगावयाची आहे, कारण एकत्र प्रार्थनेनें काय होऊं शकतें ह्याचें तिच्याहून चांगलें उदाहरण मला ठाऊक नाहीं. उत्तर हिंदुस्थानांतील मंडळ्यांच्या ऐक्याचीं बोलणीं १९२९ सालीं लखनौ येथें सुरू झालीं. सर्वांत मोठी अडचण पाळकांच्या दीक्षेची होती. अँग्लिकन मंडळींत, प्रेषितांच्या काळापासून चालत आलेल्या परंपरेंतील बिशपानें हात ठेवून दीक्षा दिलेलाच पाळक प्रभुभोजन देऊं शकतो असें मानतात. काँग्रिगेशनल, प्रेस्बिटेरियन व बॅप्टिस्ट पाळकांना अशी दीक्षा नव्हती. आतां बिशपानें त्यांच्यावर पुन्हा हात ठेवावे, तर आजवरची त्यांची सेवा खोटी होती असा अर्थ होतो. तीस-चाळीस वर्षें बाप्तिस्मे दिलेल्या वृद्ध पाळकानें हें कां सोसावें? न ठेवावे, तर अँग्लिकन लोकांच्या विवेकबुद्धीला टोंचणी लागते. दक्षिणेंत सर्व पाळकांना आहेत तसेच स्वीकारलें, आणि पुढील दीक्षा तेवढ्या बिशपांच्या हातून व्हाव्या असें ठरलें. उत्तरेंत तसें करावयाचें नव्हतें. वादानें हा प्रश्न सुटण्यासारखा नव्हता, कारण दोन्ही बाजूंचें म्हणणें आपापल्या जागीं खरें होतें.

शेवटीं तो प्रार्थनेनें सोडविला. २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपूर येथें ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारांत सहा मंडळ्या एक झाल्या : अँग्लिकन मंडळी, उत्तर भारत संयुक्त मंडळी, बॅप्टिस्ट मंडळ्यांची परिषद, चर्च ऑफ द ब्रदरन, डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट, आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेची मेथॉडिस्ट मंडळी. त्या वेळीं प्रत्येक मंडळीच्या प्रतिनिधींनीं एकमेकांवर हात ठेविले. बिशपानें इतरांवर, आणि इतरांनीं बिशपावर. प्रत्येकाच्या सेवेंत देवाला जें कांहीं उणें दिसत असेल तें त्यानें भरून काढावें, अशा आशयाची प्रार्थना करण्यांत आली. काय उणें होतें, हें कोणीं कोणाला सांगितलें नाहीं. अँग्लिकन पाळकाला वाटलें असेल कीं इतरांना आतां परंपरेची दीक्षा मिळाली. बॅप्टिस्ट पाळकाला वाटलें असेल कीं बिशपसाहेबांना आतां स्वतंत्र मंडळ्यांचा आशीर्वाद मिळाला. जें चाळीस वर्षें मसुद्यांत बसत नव्हतें तें एका प्रार्थनेंत बसलें, कारण तिनें निवाडा देवावर सोंपविला. कित्येक विद्वानांनीं ह्याला संदिग्धपणा म्हणून नांवें ठेविलीं. ज्याला देवापेक्षां स्पष्टीकरण अधिक प्रिय आहे त्याला तसें वाटणारच.

अमेरिकन मराठी मिशनाच्या मंडळ्या १९२४ सालींच संयुक्त मंडळींत आल्या होत्या. त्यामुळें १९७० नंतर अहिल्यानगर जिल्ह्यांतील त्या मंडळ्यांपैकीं बहुतेक, आणि एस. पी. जी. च्या मंडळ्या, एकाच नांवाखालीं आल्या. तरी सत्य सांगितलें पाहिजे. अमेरिकन मूळ असलेली मेथॉडिस्ट मंडळी अगदीं शेवटच्या घटकेला ह्या ऐक्यांतून मागें फिरली. अलायन्स, नाझरीन, पेंटेकॉस्टल, लूथरन व रोमन कॅथॉलिक बाहेरच आहेत. शिवाय एक नांव झालें म्हणून एक मन झालें असेंही नव्हे. अमुक अमेरिकन मिशनचे, अमुक एस. पी. जी. चे, हीं विशेषणें लग्नाच्या बैठकींत अजून ऐकूं येतात, आणि मंडळ्यांच्या जमिनींसाठीं ख्रिस्ती लोकांनीं एकमेकांवर केलेले दावे न्यायालयांत वर्षानुवर्षें पडून आहेत. नागपुरास हात ठेविले गेले ते प्रतिनिधींचे. गांवोगांवचे हात अजून राहिले आहेत.

तेव्हां गांवीं काय करावें? प्रथम दिवसांविषयीं. १८ ते २५ जानेवारी हे दिवस सोईचे नसतील तर अडून बसूं नये. त्या दिवसांत आपल्या कितीतरी मंडळ्यांचीं निम्मीं कुटुंबें ऊसतोडीला गेलेलीं असतात. दक्षिण गोलार्धांतील देशांत हा सप्ताह पुष्कळदां पेंटेकॉस्टच्या सुमारास पाळतात. आपणही पट्टा पडल्यावर, लोक परत आल्यावर, पाळावा. कारखान्यावरच्या कोप्यांत मात्र निरनिराळ्या मंडळ्यांचीं माणसें रात्रीं एकाच शेकोटीजवळ भजनें म्हणतात, असें पुष्कळ वेळां पाहण्यांत आलें आहे. तेथें नारायण वामन टिळकांचें भजन कोणीं सुरू केलें तर तें कोणत्या पंथाचें असें कोणी विचारीत नाहीं. गांवीं परत आल्यावर मग विचारतात.

दुसरें, आरंभ प्रभूच्या प्रार्थनेनें करावा. ती सर्वांना पाठ असते. तिच्यांत पिता आमचा आहे, भाकर आमची आहे, ऋणें आमचीं आहेत. "माझें" असा शब्द तिच्यांत एकदांही नाहीं. शेवटीं राज्य, पराक्रम व गौरव ह्यांचा जो भाग आपण म्हणतों तो कॅथॉलिक बंधु त्या जागीं म्हणत नाहींत. ह्यावरून कुजबूज होऊं नये. मत्तयाच्या अतिप्राचीन हस्तलिखितांत तो भाग नाहीं, लूकमध्यें तर प्रार्थनाच अधिक लहान आहे; आणि तशा प्रकारची स्तुति जोडण्याची चालही फार जुनी, प्राचीन मंडळीच्या "दिदाखे" नांवाच्या पुस्तकांत आढळणारी आहे. दोघांच्याही चालीला वडीलधारें मूळ आहे. जे थांबतात त्यांच्यासाठीं म्हणणाऱ्यांनीं आवाज चढवूं नये, आणि जे म्हणतात त्यांच्याकडे थांबणाऱ्यांनीं वळून पाहूं नये.

तिसरें, प्रार्थनेंत टोमणे नसावे. देवाला उद्देशून बोलावयाचें आणि ऐकवावयाचें मात्र शेजारच्या बांकावरील वडिलांना, ही कला आपल्याकडे फार वाढली आहे. चांगला उपाय हा कीं, प्रत्येक मंडळीनें दुसऱ्या मंडळीच्या पाळकासाठीं, आजाऱ्यांसाठीं व मुलांच्या शिक्षणासाठीं नांवें घेऊन प्रार्थना करावी, आणि तीं नांवें त्या मंडळीकडून आधीं मागून घ्यावीं. ज्याचें नांव आठ दिवस देवापुढें घेतलें त्याच्याविरुद्ध नवव्या दिवशीं पंचांपुढें बोलणें कठीण जातें. कोणीं वाचून प्रार्थना करावी, कोणीं उत्स्फूर्त करावी, कोणीं मोठ्यानें, कोणीं मौनानें. एका संध्याकाळीं एकच रीत ठेवावी, आणि ज्या मंडळीची ती रीत तिनेंच ती संध्याकाळ चालवावी.

सुनांचा प्रश्न मुद्दाम काढतों, कारण पुष्कळ अश्रु तेथें गळतात. एका मंडळींतील मुलगी दुसऱ्या मंडळींत दिली म्हणजे कित्येक ठिकाणीं लग्नापूर्वीं तिचा पुन्हा बाप्तिस्मा करण्याचा आग्रह धरतात. पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नांवानें पाण्यानें झालेला बाप्तिस्मा रोमन कॅथॉलिक मंडळीही खरा मानते, आपल्या मंडळ्याही मानतात. केवळ प्रौढ बाप्तिस्मा मानणाऱ्या बंधूंची अडचण निराळी आहे, आणि ती त्यांच्या विवेकबुद्धीची आहे. हा प्रश्न प्रार्थना-सप्ताहांत चर्चेला घेऊं नये. पण त्या मुलीसाठीं दोन्ही मंडळ्यांनीं एकत्र बसून प्रार्थना अवश्य करावी, आणि तिच्या आईलाही बोलावावें.

प्रभुभोजनाच्या बाबतींत घाई नको. रोमन कॅथॉलिक मंडळीच्या नियमाप्रमाणें आपण त्यांच्या वेदीपाशीं घेऊं शकत नाहीं, त्यांचे लोक आपल्या मेजापाशीं येऊं शकत नाहींत. इतरांतही कांहींचे असेच नियम आहेत. एखाद्या उत्साही तरुणानें नियम मोडून भाकर घेतली म्हणजे ऐक्य होत नाहीं, दुसऱ्या मंडळीच्या पाळकाला मात्र आपल्या वरिष्ठांपुढें उत्तर द्यावें लागतें. एका मेजावर बसतां येत नाहीं ह्याचें दुःख जें आहे तें लपवूं नये. तें प्रार्थनेंत सांगावें.

शेवटल्या संध्याकाळीं दान गोळा करावें कीं नाहीं, असें कांहीं पंच विचारतात. करावें. पण तें कोठें जाणार हें पहिल्या संध्याकाळच्या आधीं ठरवून फळ्यावर लिहावें, आणि तें कोणत्याही एका मंडळीच्या खात्यांत जाऊं नये. बोरिंगचा पंप दुरुस्त करणें, एखाद्या विधवेच्या घराचे पत्रे, किंवा वसतिगृहांतील मुलांची फी, असें कांहीं असावें. मोजतांना प्रत्येक मंडळीचा एकेक मनुष्य बसावा, आणि आंकडा त्याच रात्रीं वाचून दाखवावा.